विकता न येणारा संघ

सहकाराच्या पदविका परीक्षेस बसलेल्या कोणालाही रॉचडेल हे नाव ठाऊक असते. मँचेस्टरच्या उत्तरेस असलेल्या या गिरणगावात डिसेंबर 1844 मध्ये अठ्ठावीस कष्टकऱ्यांनी पीठ, लोणी, साखर असा मोजका माल मांडून एक दुकान थाटले. त्या दुकानाच्या नियमांतील एक सूत्र पुढे जगभर गेले. सभासदाचे भाग कितीही असोत, त्याचे मत एकच राहील. 1904 च्या कायद्याने सहकार हिंदुस्थानात आला, 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातही हेच सूत्र कायम राहिले, आणि कोल्हापूर-सांगलीकडील साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था यांचे सभासदत्व ज्यांच्या घरात वडिलोपार्जित चालत आले आहे त्यांना ते अगदी अंगवळणी पडले आहे. इतके अंगवळणी, की वार्षिक सभेची सूचना आली तरी ती न वाचताच बाजूला ठेवली जाते.

त्याच रॉचडेलमध्ये 5 नोव्हेंबर 2010 च्या रात्री फुटबॉलचा एक सामना झाला. यजमान रॉचडेलचा व्यावसायिक संघ इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतला, तर पाहुणा संघ सातव्या श्रेणीतला, जेमतेम पाच वर्षांपूर्वी जन्मलेला. पाहुण्यांनी तो सामना 3-2 असा जिंकला. पाहुण्या संघाचे नाव एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. त्याचा मालक कोणी धनिक नव्हता, कंपनीही नव्हती. वर्षाकाठी अल्प वर्गणी भरणारे काही हजार सभासद हेच त्याचे मालक होते, आणि त्यांतील प्रत्येकास एकच मत होते. रॉचडेलच्या दुकानदारांचे सूत्र असे जवळपास एकशे सहासष्ट वर्षांनी फिरून त्यांच्याच गावात, त्यांच्याच संघाला हरवून गेले.

हा संघ का जन्मला हे समजण्यासाठी त्याने सोडलेल्या घराची हकिकत पाहावी लागते. मँचेस्टर युनायटेड हे नाव आज महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्याही सदऱ्यावर दिसते. या बलाढ्य क्लबचा आरंभ 1878 साली न्यूटन हीथ या वस्तीत, रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कामगारांच्या हातून झाला. कामगारांचा हा संघ 1902 मध्ये कर्जात बुडाला, तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या मद्यनिर्मात्याने पैसा घालून तो वाचविला आणि संघास नवे नाव मिळाले. एका माणसाची मालकी या क्लबात अशी उपकाराच्या वाटेने आली. पुढे मांसाचा व्यापार करणाऱ्या लुई एडवर्ड्स यांच्या घराण्याकडे सूत्रे गेली आणि 1991 मध्ये क्लबचे समभाग शेअर बाजारात आले. जो भाग विकत घेता येतो तो विकताही येतो, आणि पुरेसे भाग एका हाती आले की संस्थाही त्या हाती जाते.

पहिला धक्का 1998 मध्ये बसला. बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने सुमारे 62 कोटी पाउंडांस क्लब विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. चाहत्यांनी संघटित होऊन त्यास विरोध केला, प्रकरण मक्तेदारी आयोगापुढे गेले आणि 1999 मध्ये सरकारने ही खरेदी रोखली. सामान्य प्रेक्षकांना तेव्हा वाटले की आपला आवाज ऐकला जातो. सहाच वर्षांनी तो समज गळून पडला. मे 2005 मध्ये अमेरिकेतील माल्कम ग्लेझर यांनी क्लबवर ताबा मिळविला. व्यवहार सुमारे 79 कोटी पाउंडांचा होता आणि त्यातील मोठा हिस्सा कर्जाऊ होता. या कर्जाचा बराच भार क्लबच्याच डोक्यावर चढविण्यात आला. तोवर कर्जमुक्त असलेली संस्था स्वतःच्या खरेदीचे व्याज स्वतःच्या तिकीटविक्रीतून फेडू लागली. कायद्याच्या दृष्टीने यात काही गैर नव्हते. एखाद्या गावातील बोर्डिंगची इमारत कोणी परस्पर तारण ठेवून घ्यावी आणि हप्ते मात्र तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फीमधून भरावेत, असा हा प्रकार होता.

चाहत्यांपुढे तीन मार्ग होते. निमूटपणे जात राहावे, जाणे सोडून घरी बसावे, किंवा नवे काही उभे करावे. तिसऱ्या मार्गाला ताजा दाखला होता. 2002 मध्ये लंडनच्या विम्बल्डन क्लबला मालकांनी दूरच्या मिल्टन कीन्स शहरी हलविण्याची परवानगी मिळविली, तेव्हा मागे राहिलेल्या चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला होता. त्या लोकांनी मँचेस्टरकरांना धीर दिला. मेमध्ये शहरात दोन मोठ्या सभा झाल्या, जूनमध्ये नावासाठी मतदान झाले. ‘मँचेस्टर सेंट्रल’, ‘एएफसी मँचेस्टर 1878’ अशी नावे मागे पडून ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हे नाव ठरले. खेळाडू निवडण्यासाठी चाचणी ठेवली तर शेकडो अर्ज आले. प्रशिक्षक म्हणून कार्ल मार्जिन्सन यांची नेमणूक झाली. ते फळे व भाजीपाला पोहोचविण्याचे काम करीत. ऑगस्टमध्ये संघ दहाव्या श्रेणीत खेळू लागला.

येथे इंग्लंडमधील रचना सांगणे आवश्यक आहे. वरच्या चार श्रेणींत मिळून 92 क्लब असतात. त्यांच्याखाली जे शेकडो क्लब आहेत त्यांना ‘नॉन-लीग’ म्हटले जाते. तेथील खेळाडू बहुधा दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव करतात. प्रेक्षक दोनशे-तीनशे असले तरी पुष्कळ झाले. अशा मैदानांवर या नव्या संघामागे सरासरी तीन हजार माणसे जाऊ लागली. पहिल्या हंगामाच्या अखेरीस, एप्रिल 2006 मध्ये, ग्रेट हारवुड टाउनविरुद्धच्या सामन्यास 6,023 प्रेक्षक होते. पहिल्या तीन वर्षांत संघ तीनदा वरच्या श्रेणीत चढला.

विजयांची ही मोजदाद मात्र खऱ्या किमतीविषयी काही सांगत नाही. मँचेस्टर युनायटेडवरील निष्ठा हा तेथील घराघरांचा वारसा आहे. 1958 च्या म्युनिक विमान अपघातात संघातील आठ खेळाडू मरण पावले. त्या आठवणीवर तेथील पिढ्या वाढल्या. आजोबा ज्या बाकावर बसत तेथेच नातू बसतो. असे आसन सोडून देणे म्हणजे कुलदैवताची वारी मोडण्यासारखे होते. घरांत वाद झाले, मित्र दुरावले, सोडून जाणाऱ्यांना फितूर म्हटले गेले. केन लोच यांच्या 2009 च्या ‘लुकिंग फॉर एरिक’ या चित्रपटात हा तंटा एका मद्यगृहातील प्रसंगात येतो. जाणाऱ्यांनीही जुन्या संघावरील प्रेम सोडले नव्हते; नव्या संघाचा सदरा लाल, विजार पांढरी आणि मोजे काळेच राहिले. त्यांनी सोडला तो मालक. प्रेमाच्या वस्तूपासून स्वतःहून दूर होणे हा त्याग कोणत्या प्रकारचा, याचा विचार दशलक्षण पर्वात त्यागधर्मावरील प्रवचन ऐकणाऱ्यांनी अवश्य करावा.

संस्थेची घडी कशी बसविली तो भाग विशेष मननीय आहे. संचालक मंडळ सभासदांच्या मताने निवडायचे, निर्णय एक सभासद एक मत या तत्त्वाने घ्यायचे, खेळाडूंच्या सदऱ्यावर जाहिरात घ्यायची नाही, संस्था नफा वाटणार नाही, तिकीट सामान्य माणसास परवडेल असे ठेवायचे, हे आरंभीच ठरले. पुढे हंगामी तिकिटासाठी प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे रक्कम द्यावी अशीही पद्धत सुरू केली. मैदान बांधण्यासाठी जे सामुदायिक समभाग काढले त्यांचे स्वरूप बाजारातील समभागांहून अगदी निराळे होते. त्यांची किंमत वाढत नाही, ते दुसऱ्यास विकता येत नाहीत, आणि अधिक भाग घेतले म्हणून अधिक मते मिळत नाहीत. रक्कम परत घेता येते तीही काही वर्षांनी, संस्थेची स्थिती बरी असेल तर. व्यवहारी माणूस यास गुंतवणूक म्हणणार नाही. तरीही सभासदांनी वीस लाख पाउंडांहून अधिक रक्कम अशा रीतीने उभी केली. मंदिरासाठी दिलेले द्रव्य परत मागायचे नसते आणि ते दुसऱ्या कामी वळवायचे नसते, हे ज्या घरांत लहानपणीच शिकविले जाते तेथे ही कल्पना समजावून द्यावी लागणार नाही.

अहिंसाप्रिय वाचकांनी फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या दुसऱ्या एका इंग्लिश क्लबची ख्याती कदाचित ऐकली असेल. त्या क्लबने 2015 पासून मैदानावरील सर्व आहार पूर्णतः वनस्पतिजन्य केला, दूधही वर्ज्य केले. ही गोष्ट खचितच आनंदाची आहे. परंतु हा निर्णय डेल व्हिन्स या एका मालकाच्या संकल्पातून आला. मालक सज्जन असला की संस्था सज्जन दिसते. तो बदलला की काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. मँचेस्टरच्या सभासदांना सज्जन मालकही नको होता.

दहा वर्षे या संघास स्वतःचे मैदान नव्हते. बरी या शेजारच्या गावच्या क्लबचे गिग लेन मैदान भाड्याने घेऊन तो खेळत असे. न्यूटन हीथमध्येच, म्हणजे मूळ संघाच्या जन्मभूमीत, मैदान बांधण्याची योजना मंजूर झाली होती. पण सरकारी खर्चकपातीच्या दिवसांत, 2011 मध्ये, नगरपालिकेने आर्थिक साहाय्य काढून घेतले. पर्यायी जागा लगतच्या मॉस्टन वस्तीत मिळाली. तेथील काही रहिवाशांचा मात्र विरोध होता. हे खुले क्रीडांगण आपल्या मुलांचे आहे, येथे प्रेक्षकांच्या मोटारी आणि गोंगाट नको, असे म्हणून ते न्यायालयापर्यंत गेले. निकाल क्लबच्या बाजूने लागला. तरी एका समुदायाचे घर उभे राहताना दुसऱ्या समुदायाचे मोकळे मैदान घटले, ही बाजू विसरता येत नाही.

मैदानास सुमारे त्रेसष्ट लाख पाउंड लागले. सभासदांचे भाग, देणग्या, क्रीडासंस्थांची व नगरपालिकेची मदत आणि कर्ज यांतून ते झाले. 29 मे 2015 रोजी ब्रॉडहर्स्ट पार्कचे औपचारिक उद्घाटन पोर्तुगालच्या बेनफिका क्लबच्या संघाशी सामना खेळून झाले. तारीख योगायोगाची नव्हती. 1968 साली याच तारखेस मँचेस्टर युनायटेडने बेनफिकालाच हरवून युरोपियन चषक जिंकला होता. या वेळी बेनफिकाने दुय्यम संघ पाठविला, आणि तरीही 1-0 असा तोच जिंकला. त्याच वसंतात संघ आपल्या श्रेणीचा विजेता ठरून सहाव्या श्रेणीत चढला होता. येथे कथा थांबली असती तर ती बोधकथा म्हणून छान शोभली असती.

पण घर बांधून झाल्यावरच घरात भांडणे सुरू झाली. खर्च अपेक्षेहून वाढला होता, कर्जाचे हप्ते होते, आणि उत्पन्नाची गरज तत्त्वांना ढकलू लागली. नोव्हेंबर 2015 मध्ये चेस्टरफील्डविरुद्धचा चषक सामना दूरचित्रवाणीसाठी सोमवारी रात्री ठेवण्यात आला. प्रेक्षकांच्या सोयीपेक्षा प्रक्षेपण मोठे, याच विरोधातून तर हा संघ निघाला होता. अनेक चाहत्यांनी पहिल्या अर्ध्या वेळेत आत न जाता बाहेर उभे राहून निषेध केला. रिकाम्या पायऱ्यांसमोर खेळणारे खेळाडूही आपले, बाहेर उभे असलेलेही आपले. सामना 4-1 असा हरला. त्यानंतरच्या महिन्यांत कारभारातील गुप्ततेविषयी तक्रारी वाढल्या. सभासदांच्या संस्थेत सभासदांपासूनच गोष्टी का लपविल्या जातात, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. 2016 मध्ये महाव्यवस्थापक अँडी वॉल्श यांनी पद सोडले. 1998-99 चा तो जुना लढा लढणाऱ्यांत ते आघाडीवर होते. संचालक मंडळातील बहुतेक जण पायउतार झाले आणि नवी निवडणूक झाली. बारा वर्षे संघ घडविणारे मार्जिन्सनही 2017 मध्ये गेले. 2019 मध्ये संघ पुन्हा सातव्या श्रेणीत उतरला.

ज्यांनी पतसंस्थेची वादळी वार्षिक सभा पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ‘लोकांची मालकी’ ही घोषणा असते तोवर सगळे एका बाजूस असतात. ती हिशेबाची वही झाली की मतभेद सुरू होतात. वाईट मालकाविरुद्ध उभे राहणे तुलनेने सोपे, कारण दोष दुसऱ्याचा असतो. स्वतः मालक झालेल्या माणसास तिकिटाचा दर वाढविण्याचा अपराधही स्वतःच करावा लागतो. तरीही येथे एक फरक राहतो. ग्लेझर यांच्याविरुद्ध हिरवे-पिवळे रुमाल फडकविणाऱ्या हजारो प्रेक्षकांना जे करता आले नाही ते मॉस्टनच्या सभासदांनी एका मतदानात केले. कारभारी बदलले, संस्था राहिली.

रॉचडेलच्या त्या रात्रीचीही दुसरी बाजू आहे. विजयी गोल अखेरच्या क्षणी झाला तो वादग्रस्त होता. गोलरक्षक चेंडू जमिनीवर टप्पा देत असता आघाडीच्या खेळाडूने तो त्याच्यापासून काढून घेतला आणि जाळ्यात मारला. पंचांनी तो मान्य केला. सभासद आनंदाने वेडे झाले. शिवाय तो सामनाही दूरचित्रवाणीसाठी शुक्रवारी रात्री ठेवलेला होता, आणि ते पैसे क्लबने घेतले होते. पाच वर्षांनंतर ज्या गोष्टीवरून निषेध झाला तिचे बीज विजयाच्या रात्रीच पडले होते. विजयात ते कोणाला दिसले नाही, एवढेच.

आणि गिग लेन? ज्या बरी क्लबच्या आश्रयास हा संघ इतकी वर्षे राहिला, तो 1885 साली स्थापन झालेला, 1900 आणि 1903 मध्ये एफए चषक जिंकलेला जुना क्लब होता. कर्जात रुतलेला हा क्लब डिसेंबर 2018 मध्ये एका व्यावसायिकाने एका पाउंडास घेतला. कर्ज फेडण्यास पैसे आहेत याचा पुरावा देता न आल्याने 27 ऑगस्ट 2019 रोजी लीगने त्यास काढून टाकले. सव्वाशे वर्षे लीगमध्ये खेळलेल्या क्लबच्या दारास कुलूप लागले. भाडेकरू संघ तोवर शेजारी आपल्या मैदानात खेळत होता, आणि घरमालकाचा संघ उरला नव्हता. बरीच्या काही चाहत्यांनी सभासदांच्या मालकीचा वेगळा संघ काढला, तर काहींनी मैदान सोडवून घेण्याचा ध्यास घेतला. दोन्ही गट एकाच गावचे, एकाच संघावर प्रेम करणारे, आणि एकमेकांवर रुसलेले. सरकारी साहाय्य आणि देणग्या मिळून 2022 मध्ये चाहत्यांच्या संस्थेने गिग लेन विकत घेतले. दोन्ही गटांच्या एकीकरणाचा पहिला ठराव त्याच वर्षी मतदानात फेटाळला गेला. 2023 मध्ये पुन्हा मतदान झाले, या वेळी तो संमत झाला, आणि गिग लेनवर बरीचा संघ पुन्हा खेळू लागला.

अशा पडझडींमुळेच ब्रिटिश संसदेने 2025 मध्ये फुटबॉलच्या कारभारासाठी कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला. क्लबचे पारंपरिक रंग, बोधचिन्ह, मैदान यांत मालकास मनमानी बदल करता येऊ नये आणि चाहत्यांचे मत विचारले जावे, हा त्याचा एक उद्देश आहे. तो वरच्या पाच श्रेणींना लागू होतो. एफसी युनायटेड त्याच्या कक्षेबाहेर आहे.

ब्रॉडहर्स्ट पार्कवर प्रेक्षक आता पूर्वीइतके नसतात. हिवाळ्यात तेथे ‘बिग कोट डे’ असतो. सामन्यास येणारे लोक बेघरांसाठी गरम कोट घेऊन येतात आणि ढीग लावतात. महिलांचा संघ 2012 पासून खेळतो. ओल्ड ट्रॅफर्ड तेथून काही मैलांवरच आहे आणि ग्लेझर कुटुंबाचा मोठा हिस्सा अद्याप त्या क्लबात आहे. ज्यांनी 2005 मध्ये आपले जुने आसन सोडले त्यांतील काही जण परत गेले, काही कोठेच जात नाहीत, आणि काहींची नातवंडे मॉस्टनच्या पायऱ्यांवर उभी राहून लाल सदऱ्यातल्या अशा खेळाडूंना हाका मारतात, जे सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर असतात.